खांबावर चढणारा माणूस कोणाचा?

मृगाच्या सरींआधी येणारा वादळी वारा दर वर्षी महाराष्ट्रातील वीजव्यवस्थेची एक परीक्षा घेतो. झाडाची फांदी तारेवर पडते, इन्सुलेटर फुटतो, खांब कलतो आणि एका क्षणात पाच-पंचवीस गावे अंधारात जातात. पहिल्या तासात ग्राहक वाट पाहतो, दुसऱ्या तासात दूरध्वनी करतो आणि तिसऱ्या तासात संतापतो. त्याच वेळी, पावसात आणि काळोखात, कोणी तरी एक माणूस शिडी घेऊन त्या खांबाकडे निघालेला असतो. दिवे लागले की त्याची आठवण कोणाला राहत नाही. दिवे लागण्याऐवजी त्याच्या मृत्यूचीच वार्ता आली, तर आतल्या पानावर चार ओळी येतात; आणि या चार ओळींत पुष्कळदा एक वाद दडलेला असतो. गेलेला माणूस वीज कंपनीचा कर्मचारी होता की नव्हता, हा तो वाद.

वीज वितरणासारख्या प्रचंड उद्योगात असा वाद उद्भवावा, हीच मुळात विचार करण्याजोगी गोष्ट आहे. एकाच खांबावर आज तीन प्रकारची माणसे चढताना दिसतात. पहिला कंपनीचा कायम तंत्रज्ञ. त्याला कंपनी ‘जनमित्र’ म्हणते आणि खेड्यातील लोक आजही ‘वायरमन’च म्हणतात. दुसरा बाह्यस्रोत, म्हणजे कंत्राटदाराच्या पटावरचा कामगार. काम तेच, खांब तोच, वेतनपत्रक मात्र वेगळे. तिसरा कोणाच्याच पटावर नाही. त्याला ग्रामीण महाराष्ट्रात ‘झिरो वायरमन’ असे अत्यंत बोलके नाव मिळालेले आहे. गावातला एखादा चपळ, थोडेफार काम शिकलेला तरुण वायरमनच्या हाताखाली वावरू लागतो आणि पुढे त्याच्याऐवजी खांबावर चढू लागतो. त्याला वेतन नाही, विमा नाही, ओळखपत्र नाही. शेतकऱ्यांनी वा वायरमनने हातावर ठेवलेले पैसे एवढीच त्याची कमाई. कागदोपत्री तो शून्य आहे. विजेचा धक्का मात्र त्याला पूर्ण दाबाचाच बसतो.

या तिघांमधील फरक सामान्यतः वेतनाचा व सवलतींचा प्रश्न म्हणून मांडला जातो. संघटना तो तसाच मांडतात, व्यवस्थापन तसेच उत्तर देते आणि ग्राहकालाही तो कंपनीचा घरगुती तंटा वाटतो. परंतु हा केवळ पगाराचा प्रश्न नाही. तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे, आणि विजेच्या धंद्यात सुरक्षितता ही अखेर एका शब्दावर अवलंबून असते. तो शब्द म्हणजे ‘नाही’. धोका दिसत असताना वर चढण्यास जो नकार देऊ शकतो, तोच सुरक्षित राहतो. आणि उद्याची हजेरी ज्याच्या हातात नाही, त्याला तसा नकार देता येत नाही.

परमिटाचा अर्थ

विजेच्या तारेवरील कामाची पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे विधान अतिशयोक्त वाटणार नाही. अकरा हजार व्होल्टच्या वाहिनीवर काम करावयाचे तर आधी उपकेंद्रातून ‘परमिट’ घ्यावे लागते. उपकेंद्रातील यंत्रचालक त्या फीडरचा पुरवठा बंद करतो, तो चुकून सुरू होऊ नये अशी व्यवस्था करतो, धोक्याची पाटी लावतो आणि परमिट कोणी, कोणत्या फीडरसाठी, किती वाजता घेतले याची नोंद वहीत करतो. कामाच्या जागी पोचल्यावर वायरमनने तार खरोखरच मृत आहे की नाही हे तपासावयाचे, तिच्यात उरलेला भार डिस्चार्ज रॉडने जमिनीत उतरवावयाचा, कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करावयाचे, हातमोजे व कमरेचा सुरक्षा पट्टा घालावयाचा आणि मगच चढावयाचे. काम संपल्यावर ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत करावयाचे. त्याखेरीज पुरवठा सुरू होता कामा नये.

ही पद्धत अनेक अपघातांच्या अनुभवातून सिद्ध झालेली आहे. तिच्यातील प्रत्येक पायरीमागे एक विशिष्ट धोका आहे. एकाच खांबावरून दोन फीडर गेलेले असतात आणि परमिट एकाचे असताना हात दुसऱ्याला लागतो. एकाच फीडरवर दोन टोळ्या दोन ठिकाणी काम करीत असतात. एकीचे काम संपते, परमिट परत जाते आणि दुसरी टोळी अद्याप वरच असते. उपकेंद्रातून पुरवठा बंद असला तरी एखाद्या मंगल कार्यालयातील जनित्र योग्य बदल-स्विचाविना जोडलेले असते आणि त्याची वीज उलट्या दिशेने रोहित्रातून चढून उच्चदाब होऊन तारेत येते. तपासणी आणि अर्थिंग या दोन गोष्टी अशा सर्व प्रसंगी माणसाचा जीव वाचवितात. पण दोन्हींना वेळ लागतो. आणि वेळ ही अशी वस्तू आहे की, जी त्या रात्री कोणीच वायरमनला द्यावयास तयार नसतो.

ग्राहकाचा दूरध्वनी शाखा अभियंत्याकडे जातो, लोकप्रतिनिधीचा त्याच्या वरिष्ठाकडे जातो, आणि तो सगळा दाब उतरत उतरत शिडी धरून उभ्या असलेल्या माणसापर्यंत येतो. अशा वेळी कायम तंत्रज्ञ म्हणू शकतो: परमिटावाचून मी चढणार नाही. त्याच्यावर कोणी रागावेल, फार तर त्याची बदली होईल. परंतु त्याची नोकरी जाणार नाही. कंत्राटी कामगाराने तेच म्हटले तर त्याला काढून टाकण्याचीही गरज पडत नाही. पुढच्या महिन्यात कंत्राटाच्या यादीत त्याचे नाव येत नाही, एवढेच. आणि झिरो वायरमन तर ‘नाही’ म्हणण्यासाठी तेथे आलेलाच नसतो. त्याने ‘होय’ म्हणावे याचसाठी त्याला बोलावलेले असते. तात्पर्य, सुरक्षिततेचा नियम सर्वांसाठी एकच छापलेला असला तरी तो पाळण्याची ऐपत तिघांची सारखी नाही.

एका मंडळाच्या चार कंपन्या

ही अवस्था एका दिवसात आलेली नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री होते, आणि विजेच्या धोरणाचा विचारही त्याच खात्याकडे होता. वीज आणि मजूर हे दोन विषय एका मेजावर असणे हा कारभाराच्या वाटणीतील योगायोग असेल; पण तो अर्थपूर्ण योगायोग होता. युद्धोत्तर भारतात वीज स्वस्त व मुबलक हवी आणि ती केवळ नफ्याच्या गणितावर सोडता येणार नाही, या विचाराची पायाभरणी त्या काळात झाली. पुढे १९४८ चा वीजपुरवठा कायदा आला, आणि त्या कायद्याखाली २० जून १९६० रोजी, राज्य स्थापन झाल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले.

मंडळातील नोकरीला त्या काळी जी प्रतिष्ठा होती तिचे कारण केवळ पगार नव्हे. कोयनेची वीज खेडोपाडी पोचविणारा, विहिरीवर पहिला पंप सुरू करून देणारा वायरमन हा गावाच्या दृष्टीने सरकारचाच एक चेहरा होता. तलाठी आणि मास्तर यांच्या पंक्तीला तो जाऊन बसला. मंडळात दोष पुष्कळ होते: वाढती आस्थापना, वीजगळतीकडे काणाडोळा, राजकीय हस्तक्षेप. पण खांबावर चढणारा माणूस मंडळाचा आहे की नाही, अशी शंका मात्र सहसा निघत नसे.

मंडळाची घडी विसकटली ती १९९० च्या दशकात. दाभोळ प्रकल्पाचा १९९३ चा वीजखरेदी करार, १९९५ मध्ये तो रद्द होणे, १९९६ मध्ये पुन्हा वाटाघाटी होऊन तो स्वीकारला जाणे, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू होणे आणि मे २००१ मध्ये वीजनिर्मिती थांबणे, हा सर्व इतिहास वाचकांस परिचित आहे. त्या महागड्या विजेने मंडळाचे अर्थकारण हादरले. पाठोपाठ २००३ चा विद्युत कायदा आला आणि ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण, वितरण व सूत्रधारी अशा चार कंपन्या झाल्या.

नाव बदलले तसा हिशेबही बदलला. १९९९ मध्ये स्थापन झालेला वीज नियामक आयोग कंपनीचा खर्च तपासून दर ठरवितो. व्यवस्थापनाचा आणि देखभालीचा खर्च ठरावीक प्रमाणात राहावा, ही आयोगाची अपेक्षा योग्यच आहे. नाही तर कंपनीच्या ढिलाईचे ओझे ग्राहकाच्या देयकावर येईल. पण खर्च आटोक्यात ठेवण्याचा सर्वांत सोपा मार्ग कोणता? मोकळी झालेली जागा न भरणे आणि तेच काम कंत्राटदाराकडून करून घेणे. कायम माणूस हा तीस वर्षांचा बोजा. कंत्राटदाराचे देयक हे एका वर्षाचे. ताळेबंद लिहिणाऱ्याला दुसरा मार्ग आकर्षक वाटावा यात नवल नाही. मीटरवाचन गेले, देयके वाटणे गेले, उपकेंद्रातील काम गेले, आणि अखेरीस तारेवरचे कामही गेले. २०२३ च्या जानेवारीत संप झाला तेव्हा संघटनांनी तिन्ही कंपन्यांतील कायम अधिकारी, अभियंते व कर्मचारी यांची संख्या सुमारे ८६ हजार आणि कंत्राटी कामगारांची सुमारे ४२ हजार सांगितली होती. म्हणजे दर दोन कायम माणसांमागे जवळजवळ एक कंत्राटी. आणि अभियंते व कार्यालयातील वर्ग वगळून केवळ खांबावर चढणाऱ्यांचा विचार केला, तर हे प्रमाण याहून अधिक भरेल हे उघड आहे.

मालकीचा वाद अपुरा

२०२३ चा तो संप खासगीकरणाविरुद्ध होता. भांडुप परिमंडळातील मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण या भागांत समांतर वितरण परवाना मिळावा यासाठी एका खासगी समूहाने अर्ज केला होता, आणि त्याविरुद्ध ७२ तासांचा संप पुकारला गेला. ४ जानेवारी रोजी उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी झालेल्या बैठकीनंतर संप मागे घेण्यात आला. कंपन्यांचे खासगीकरण करावयाचे नसून तीन वर्षांत त्यांत ५० हजार कोटी रुपयांची गुंतवणूक करण्यात येईल, असे आश्वासन त्या वेळी देण्यात आले.

कर्मचाऱ्यांची शंका निराधार होती असे म्हणता येणार नाही. शहरातील भरघोस देयके भरणारा ग्राहक खासगी कंपनीकडे आणि खेड्यातील शेतीपंप सरकारी कंपनीकडे, अशी वाटणी झाली तर सरकारी कंपनी बुडेल हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. फ्रँचायझीचा अनुभवही संमिश्र आहे. भिवंडीत २००७ पासून ती पद्धत टिकली. तेव्हाच्या औरंगाबादेत, जळगावात आणि नागपुरात ती टिकली नाही, आणि खासगी यंत्रणा निघून गेल्यावर त्या शहरांचा भार पुन्हा सरकारी कंपनीच्याच कर्मचाऱ्यांनी उचलला.

तथापि मालकीच्या या वादात एक गोष्ट दृष्टीआड होते. कंत्राटी पद्धत या कंपन्यांत आली ती खासगी मालकाने आणलेली नाही. ती सार्वजनिक मालकीखालीच वाढली, सरकारने नेमलेल्या संचालकांच्या संमतीने वाढली, आणि ज्या संघटना तिच्याविरुद्ध घोषणा देतात त्यांतील अनेकांच्या डोळ्यांदेखत वाढली. हे केवळ महाराष्ट्राचे वैशिष्ट्य नाही. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशात उंचाहार येथील औष्णिक केंद्रात बाष्पकाचा स्फोट झाला आणि चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ते केंद्र राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाचे, म्हणजे देशातील सर्वांत मोठ्या सरकारी वीजनिर्मिती कंपनीचे होते. आणि मृतांमध्ये कंत्राटी कामगारांचा भरणा मोठा होता. तेव्हा कंपनी सरकारी राहिली म्हणजे कामगार सुरक्षित झाला, हे समीकरण मांडणाऱ्यांनी उंचाहार विसरू नये. आणि खासगी झाली म्हणजे कार्यक्षमता आली, असे मानणाऱ्यांनीही स्वतःला विचारावे की, ती कार्यक्षमता कोणाच्या जोखमीवर मोजली जाणार आहे.

कंपनीचीही एक बाजू

व्यवस्थापनाला सर्वस्वी दोषी धरणे मात्र अन्यायाचे होईल. महावितरणकडे सुमारे तीन कोटी ग्राहक आहेत. शेतीपंपांची थकबाकी हजारो कोटींच्या घरात गेलेली आहे, आणि ती वसूल करा असे सांगणारे सरकार निवडणूक जवळ आली की वसुली थांबवा असेही सांगते. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची योजना सुरू आहे. शेतकऱ्याची अवस्था पाहता तिचे समर्थन करता येईल. परंतु मोफत वीजही तारेतूनच जाते, आणि ती तार कोणाला तरी दुरुस्त करावीच लागते. त्या दुरुस्तीचा खर्च अनुदानाच्या प्रतीक्षेत लटकत राहिला, तर त्याची पहिली झळ देखभालीला लागते. जुनी तार बदलली जात नाही, झिजलेले हातमोजे आणखी एक हंगाम वापरले जातात, आणि रिकामी जागा आणखी एक वर्ष रिकामी राहते.

कायम कर्मचाऱ्यांच्या वर्तनाकडेही डोळेझाक करता येणार नाही. नेमणुकीच्या गावी न राहणारा, दूरध्वनी न उचलणारा, स्वतःचे काम झिरो वायरमनवर सोपवून त्याच्या जिवावर निर्धास्त असणारा तंत्रज्ञ ही काल्पनिक व्यक्ती नाही. झिरो वायरमन ही संस्था निर्माण झाली ती काही अंशी मनुष्यबळाच्या तुटवड्यातून आणि काही अंशी या बेफिकिरीतून. एका वायरमनकडे चार-पाच गावे आणि शेकडो रोहित्रे आली की त्याला मदतनीस लागणारच, हे खरे. पण तो मदतनीस मेल्यावर त्याला ओळखण्यासही नकार देणारा कायम कर्मचारी, आणि कंत्राटी कामगाराला झटकून टाकणारी कंपनी, यांच्या नीतीत फारसे अंतर नाही. खाली असलेल्यावर जोखीम ढकलण्याची जी रीत वरून सुरू होते, ती सर्वांत खालच्या पायरीपर्यंत झिरपते.

याच माणसांनी संकटाच्या वेळी काय केले, हेही विसरता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापुराने वेढले, ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, मे २०२१ मध्ये तौक्ते आले आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाड पाण्याखाली गेले. या प्रत्येक वेळी पडलेले खांब उभे करण्यासाठी इतर जिल्ह्यांतून टोळ्या गेल्या. निसर्ग वादळाच्या वेळी तर करोनाची साथ भर जोरात होती. त्या टोळ्यांत कायम माणसे होती तशीच कंत्राटीही होती. चिखलात खांब ओढताना कोणाच्या पटावर कोण आहे, हे कोणी विचारले नाही. तो प्रश्न नुकसानभरपाईच्या वेळीच निघतो.

कायदा आणि वास्तव

कायद्याने या प्रश्नाची दखल घेतलेली नाही असे नाही. कंत्राटी कामगारांविषयीचा १९७० चा कायदा, जे काम कायम स्वरूपाचे आहे तेथील कंत्राटी पद्धत बंद करण्याचा अधिकार सरकारला देत होता. तो क्वचितच वापरला गेला. २००१ मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असा निर्णय दिला की, कंत्राटी पद्धत बंद झाली तरी त्या कामगारांना मुख्य मालकाच्या सेवेत आपोआप सामावून घेतले जाणार नाही. कंत्राट केवळ देखावा असल्याचे कामगाराने औद्योगिक न्यायालयापुढे सिद्ध करावे. सिद्ध करावयाचे कोणी? ज्याच्याकडे नेमणुकीचा धड कागदही नाही त्याने.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या आणि १९७० चा कायदा त्यांतील व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेत विलीन झाला. या संहितेने उद्योगाच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार नेमण्यास मनाई केली आहे. वीज वितरण कंपनीचा गाभा तारा आणि रोहित्रे यांखेरीज दुसरा कोणता असू शकतो? पण त्याच तरतुदीत अपवादही आहेत: जे काम सर्वसाधारणपणे कंत्राटदारामार्फतच करून घेतले जाते ते, किंवा कामाचा बोजा एकाएकी वाढला तर ते. एखादी पद्धत वीस वर्षे चालविली की ती ‘सर्वसाधारण’ ठरते, आणि मग मनाईचे रूपांतर परवानगीत होण्यास उशीर लागत नाही. शिवाय गंभीर धोका दिसल्यास तो मालकाच्या निदर्शनास आणण्याचा अधिकार संहितेने कामगाराला दिला आहे. निदर्शनास आणणे आणि चढण्यास नकार देणे, या दोहोंत मात्र एका आयुष्याचे अंतर आहे.

काय करता येईल?

सर्व कंत्राटी कामगार उद्याच्या उद्या कायम करा, ही मागणी सभेत टाळ्या मिळविते; दरवाढीच्या सुनावणीत ती टिकत नाही. त्याऐवजी काही गोष्टी अशा आहेत की, त्या करण्यास फार पैसा लागत नाही, इच्छा मात्र लागते.

पहिली गोष्ट अशी की, उच्चदाब वाहिनीवर चढण्याचे काम कंपनीच्या स्वतःच्या माणसांनीच करावे, हे तत्त्व म्हणून मान्य व्हावे आणि रिकाम्या जागा भरताना या कामाला पहिला मान मिळावा. अनुभवी कंत्राटी कामगारांना त्या भरतीत वयाची व अनुभवाची सवलत देता येईल. नियामक आयोगानेही तारेवरील माणसांचा खर्च आणि कार्यालयीन आस्थापनेचा खर्च एका मापाने मोजू नये. पहिल्यातील काटकसर ही काटकसर नसून पुढे ढकललेला अपघात असतो.

दुसरी गोष्ट परमिटाची. परमिट एकाच्या नावे आणि खांबावर दुसराच, ही स्थिती दंडनीय ठरावी. परमिटावाचून चढण्यास नकार देणाऱ्या कंत्राटी कामगाराला अभियंत्याच्या लेखी कारणाशिवाय पटावरून काढता येणार नाही, अशी अट कंत्राटातच घालावी. ही एक ओळ शंभर सुरक्षा-सप्ताहांहून अधिक उपयोगी पडेल.

तिसरी गोष्ट माहितीची. प्रत्येक वीज अपघाताची चौकशी करण्याची व्यवस्था विद्युत कायद्यात आहे आणि राज्याचे विद्युत निरीक्षक ती करतात. या चौकशांचे निष्कर्ष दर वर्षी जनतेपुढे यावेत. मृत व्यक्ती कायम होती, कंत्राटी होती की दोन्ही नव्हती, परमिट होते की नव्हते, हे त्यांत स्पष्ट असावे. देशात विजेच्या धक्क्याने दर वर्षी दहा हजारांहून अधिक माणसे दगावतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल सांगतात. पण त्या आकड्यात विजेचे काम करताना किती गेले आणि कोणाच्या आज्ञेवरून गेले, हे दिसत नाही. जो मृत्यू मोजला जात नाही, तो टाळण्याची घाईही कोणाला होत नाही.

चौथी गोष्ट झिरो वायरमनची. त्याला बेकायदा ठरवून प्रश्न सुटणार नाही, कारण तो आधीच बेकायदा आहे. त्याची गणती करावी, जे शिकण्यास योग्य आहेत त्यांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून रीतसर शिक्षण द्यावे, आणि त्यानंतर ज्या शाखेच्या हद्दीत असा अनधिकृत माणूस खांबावर आढळेल तेथील अधिकाऱ्याला व तंत्रज्ञाला जबाबदार धरावे. पाचवी गोष्ट साधी आहे. कामावर असताना मरण आले तर भरपाई पटावरून ठरू नये. कंपनीच्या तारेवर गेला तो कंपनीचा, असे मानले जावे.

ग्राहकाचेही यात काही कर्तव्य आहे. जनित्र बसविताना बदल-स्विच नीट बसविणे, आणि वादळाच्या रात्री तिसऱ्या तासाला संतापण्यापूर्वी अर्धा तास अधिक थांबणे, एवढी अपेक्षा अवास्तव नाही. तो अर्धा तास अर्थिंगचा असतो.

दर वर्षी ४ मार्च रोजी देशात ‘लाइनमन दिन’ पाळला जातो. त्या दिवशी सत्कार होतात, शाली पांघरल्या जातात, भाषणे होतात. या सन्मानाला कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. परंतु शाल पांघरण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारला जावा: तुम्ही कोणाच्या पटावर आहात, आणि परमिटावाचून चढा म्हटले तर तुम्हाला ‘नाही’ म्हणता येते काय? ज्या कंपनीत या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वायरमन एकाच आवाजात देऊ शकेल, ती कंपनी मोठी म्हणावयास हरकत नाही. आज तरी ते उत्तर तीन वेगवेगळ्या आवाजांत येते. आणि तिसरा आवाज पुष्कळदा ऐकूच येत नाही.